गोंगाट आणि हजेरीपट

२०२५च्या दसऱ्याच्या सुमारास भाच्याचा फोन आला. "मावशी, आता सगळे अरट्टाईवर आलेत. तूही ये." मी विचारलं, "सगळे म्हणजे कोण रे?" तो जरा थांबला. "अगं, नेटवर बघ ना, जो तो तेच बोलतोय."

'सगळे' हा शब्द ऐकला की माझ्यातली शाळेतली बाई जागी होते. "बाई, सगळे म्हणताहेत आज ऑफ तास द्या." हे 'सगळे' म्हणजे मागच्या दोन बाकांवरची सहा कार्टी असायची. उरलेली पन्नास मुलं गुपचूप वही उघडून बसलेली. त्यांना ऑफ तास नको होता असं नाही, पण ती बोलत नव्हती एवढंच.

एवढं शहाणपण असूनही मी एकदा फसले होते, तेच सांगते.

जानेवारी २०२१. व्हॉट्सॲपने नवीन अटी मान्य करा म्हणून सूचना पाठवली, ८ फेब्रुवारीची मुदत दिली आणि एकच गिल्ला झाला. इलॉन मस्कने ७ तारखेला दोन शब्दांत सिग्नल वापरायला सांगितलं. लोकांची घाई इतकी, की अमेरिकेत सिग्नल ॲडव्हान्स नावाच्या, या ॲपशी काडीचाही संबंध नसलेल्या कंपनीचे शेअर अनेक पटींनी चढले! १५ तारखेला नव्या गर्दीने खुद्द सिग्नलच बंद पडलं. मी रोज वाचत होते, व्हॉट्सॲप संपलं, सगळे चालले. मीही नातीकडून सिग्नल टाकून घेतलं आणि बाणेदारपणे व्हॉट्सॲप काढून टाकलं.

एप्रिलमध्ये कोरोनाची दुसरी लाट आली. माझ्याबरोबर तेवीस वर्षं शेजारच्या वर्गात शिकवणारी मैत्रीण आजारी पडली आणि गेली. आमच्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर रोज तिची खबर येत होती, कुणी बेड शोधत होतं, कुणी डबा पोचवत होतं. मला कळलं ते दहाव्या दिवशी, लँडलाइनवर. त्या ग्रुपमधलं एकही माणूस हललेलं नव्हतं. दोष ॲपचा नाही हं, माझाच. मी गोंगाट ऐकून हजेरी मांडली होती.

त्याच वर्षी २५ फेब्रुवारीला सरकारने समाजमाध्यमांचे नवे नियम जाहीर करताना भारतातले आकडे दिले होते. व्हॉट्सॲप वापरणारे ५३ कोटी, ट्विटर वापरणारे पावणेदोन कोटी. म्हणजे ज्या चावडीवर व्हॉट्सॲपची तिरडी बांधली जात होती, तिथे एक माणूस असेल तर व्हॉट्सॲपवर तीस! आणि त्या तिसांतल्या बहुतेकांना 'मला हे ॲप आवडतं' असं कुठे जाऊन लिहावंसं वाटत नाही. नळाला पाणी येतंय म्हणून कोणी नगरपालिकेला पत्र लिहितं का? ॲपखालच्या ताऱ्यांचंही तेच. एक तारा देणारा चिडलेला, पाच देणारा हरखलेला. ज्याचं बरं चाललंय तो कशाला त्या वाटेला जाईल?

पण या बोलण्याला काहीच किंमत नाही असंही मी म्हणणार नाही. शाळेत तक्रार घेऊन येणारे पालक मोजके असत, पण छप्पर कुठे गळतं ते त्यांच्याकडूनच कळे. २०२१च्या त्या आरड्याओरड्यामुळेच मुदत ८ फेब्रुवारीवरून १५ मेवर गेली. शंभरांतले किती नाराज, हे मात्र त्या आवाजावरून काढू नये. आपण नेमकं तेच करतो.

आता अरट्टाई. (तमिळमध्ये याचा अर्थ गप्पा. नाव छान आहे.) झोहोचे श्रीधर वेंबू यांनी सांगितलं, की रोजची नवी नोंदणी तीन दिवसांत ३ हजारांवरून साडेतीन लाखांवर गेली. ॲपस्टोअरवर पहिला नंबरही आला. कौतुक आहेच. पण हे झालं जनरल रजिस्टर, हजेरीपट नव्हे. पटावर नाव असणं वेगळं आणि सकाळच्या प्रार्थनेला मूल उभं असणं वेगळं, हे २०११ची पटपडताळणी पाहिलेल्या आम्हा मास्तर मंडळींना कुणी शिकवायला नको. 'कू'चाही असाच गाजावाजा झाला होता. २०२४च्या जुलैत ते बंद झालं.

मग माझी पद्धत सांगते, अगदी घरगुती आहे. कुणी नवं ॲप सुचवलं की मी कागद घेते आणि अडीनडीला ज्यांना फोन करीन अशी वीस नावं लिहिते. त्यातली किती तिथे आहेत आणि महिन्याभरात किती बोलली, एवढंच बघते. जगाचा अंदाज यातून येत नाही, पण मला जगाचं काय करायचंय?

भाच्याच्या आग्रहाखातर अरट्टाई घेतलं. विसांपैकी तिघं निघाली. महिन्यानंतर बोलणारा एकच, भाचा स्वतः. व्हॉट्सॲप आता काढलेलं नाही. सिग्नलही ठेवलंय. त्यावर आम्ही दोघीच आहोत, नात आणि मी, आणि रात्री नऊला ती न चुकता विचारते, "आजी, गोळी घेतलीस?"