गाडी बोलते, आपण ऐकतो का?

आमच्या दवाखान्याच्या बाकावर कापसाचा भाव आणि राजकारण यांवरून वाद नेहमीच होतात. मागच्या आठवड्यात मात्र वेगळाच वाद रंगला. रक्तदाब तपासायला आलेले दोन जुने स्नेही. एकाकडे वडिलोपार्जित अ‍ॅम्बेसेडर, दुसऱ्याकडे माझ्यासारखीच प्रीमियर पद्मिनी. तिला आपण वऱ्हाडात अजूनही ‘फियाट’च म्हणतो. पहिले गृहस्थ म्हणत होते, “जुन्या गाडीत टेप लावणे म्हणजे भजनात बँड वाजवणे. इंजिनाचा आवाज हेच तिचे गाणे.” दुसरे म्हणाले, “अकोल्याहून अमरावतीले जायचं अन् गाणं नाही? मंग जायचं कायले?” वाद इतका वाढला की दोघांचाही रक्तदाब त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त भरला. शेवटी निवाडा माझ्याकडे आला.

मी माणसांचा डॉक्टर, गाड्यांचा नव्हे. आणि आरोग्याच्या सदरात मोटारीच्या टेपचे काय काम, असेही काही वाचक म्हणतील. परंतु या विषयाचा आरोग्याशी अगदी जवळचा संबंध आहे. तो मला पुस्तकातून नव्हे, अनुभवातून कळला. तोच आज सांगतो.

माझी गाडी १९८६ची, वडिलांनी घेतलेली. त्या काळी नंबर लावून वाट पाहावी लागे. वडिलांनी तिच्यात रेडिओसुद्धा बसवला नव्हता. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढू लागलो की मागच्या सीटवरची आम्हा भावंडांची बडबड ते बंद करत. “गप्प बसा, गाडी काय म्हणते ते ऐकू द्या,” असे म्हणत. आम्हाला ती शिस्त जाचक वाटे. पुढे मी स्वतः चालवू लागलो तेव्हा कारण समजले. या गाडीत इंजिनाचे फेरे दाखवणारा काटाच नाही. गिअर केव्हा बदलायचा, इंजिनावर ताण येतो आहे का, हे कानानेच ओळखायचे.

दोन वर्षांपूर्वी मला हौस आली आणि मी गाडीत नवा टेप व दोन मोठे स्पीकर बसवून घेतले. जानेवारीत सौ.ला घेऊन एका लग्नाला अमरावतीला निघालो. सकाळची थंडी, म्हणून चारही काचा बंद. जुनी गाणी लावली. गाडीचा मूळचा आवाज मोठा, म्हणून टेपचाही आवाज मोठा ठेवला. बोरगाव मंजू मागे पडले आणि सौ. म्हणाली, डोके दुखते आहे. थोड्या वेळाने मळमळ सुरू झाली. माझेही डोके जड झाले होते आणि जांभया येत होत्या. मी निदान केले : पहाटेचे उठणे, उपाशीपोटी चहा, म्हणजे पित्त. बॅगेतून गोळी काढून दिली. तीस वर्षांच्या प्रॅक्टिसनंतर बायकोचे निदान असे चुकले, हे लिहिताना आजही संकोच वाटतो.

मूर्तिजापूरच्या फाट्याजवळ थांबलो. अर्धा-पाऊण तास मोकळ्या हवेत बसल्यावर तिला थोडे बरे वाटले. पुन्हा निघताना ती म्हणाली, “आता ते गाणे नको.” टेप बंद केला, गाडी सुरू केली आणि पहिल्यांदा ऐकू आले : बोनेटखालून बारीक, लयबद्ध ‘फस्-फस्’. वेग वाढवला की ते जलद होई. मी सगळ्या काचा उघडल्या, थंडीत कुडकुडत पण हळूहळू बडनेऱ्यापर्यंत आलो आणि ओळखीच्या मिस्त्रीला गाडी दाखवली. मॅनिफोल्डची पॅकिंग फुटली होती. म्हणजे इंजिनाचा जळका वायू सायलेन्सरमधून मागे जाण्याऐवजी बोनेटखालीच सुटत होता. टेपची वायर आत घेताना मधल्या पत्र्याला भोक पाडले होते, त्याला रबरही बसवलेले नव्हते. वायू त्याच वाटेने आत येत होता. मिस्त्री म्हणाला, “डाक्टरसाहेब, गाडी केव्हाची सांगून राह्यली, तुमीच आयकून नाही राह्यले.”

त्या वाक्याने मला वैद्यकीय महाविद्यालयाची आठवण झाली. छातीवर स्टेथोस्कोप ठेवला की आमचे सर आधी वॉर्डातला पंखा बंद करायला लावत आणि नातेवाइकांना गप्प बसायला सांगत. १८१६ साली लेनेक या फ्रेंच डॉक्टराने कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीचे ठोके ऐकले, त्याला दोनशे वर्षे उलटली. पण शांतता असल्याखेरीज छाती ऐकता येत नाही, हा नियम बदललेला नाही. रुग्णाच्या बाबतीत मी तो रोज पाळतो. गाडीच्या बाबतीत विसरलो.

आता त्या वायूविषयी. पेट्रोल अर्धवट जळाले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. जुन्या गाडीत पेट्रोलचा थोडाफार वास नेहमीचाच असतो, म्हणून आपण तिकडेही लक्ष देत नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्यामुळे श्वास चालू असूनही मेंदूला आणि हृदयाला प्राणवायू कमी पडतो. डोकेदुखी, चक्कर, मळमळ, झोप येणे, गोंधळल्यासारखे होणे ही लक्षणे. जास्त प्रमाणात गेला तर बेशुद्धी आणि मृत्यूही. गर्भवती स्त्रिया, लहान मुले आणि हृदयरोगी यांना धोका अधिक. नव्या गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असल्यामुळे हा वायू पुष्कळ कमी होतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत ती सोय नाही आणि चोक ओढलेला असेल तर वायू आणखी वाढतो.

आमच्या रक्ताची तपासणी त्या दिवशी झाली नाही, म्हणून तो विषबाधेचाच प्रकार होता असे मी शपथेवर सांगणार नाही. परंतु एकाच गाडीतील दोघांना एकाच वेळी डोकेदुखी, मोकळ्या हवेत आराम आणि फुटलेली पॅकिंग, एवढा पुरावा डॉक्टरला पुरेसा आहे. करोनाच्या काळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर येथे उपयोगी पडत नाही. प्राणवायूने भरलेले आणि या वायूने भरलेले रक्त यांतला फरक त्याला कळत नाही. बोटाला लावला तर तो ९८ दाखवील आणि माणूस धोक्यात असेल. नाकाला कळत नाही, यंत्राला कळत नाही. कानाला मात्र ‘फस्-फस्’ ऐकू आली असती. तो कानच मी गाण्याने झाकून ठेवला होता.

गाणे इंजिनाचा आवाज कसा झाकते, हेही समजून घेण्यासारखे आहे. चार सिलिंडरचे इंजीन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर सेकंदाला शंभर स्फोट होतात. म्हणजे इंजिनाचा मुख्य सूर खर्जातला. गाण्यातला डग्गा, ढोलक आणि स्पीकरची ती छातीत घुमणारी धडधड साधारण त्याच पट्टीत असते. शिवाय कानाचा गुणधर्म असा की मोठा खर्जाचा आवाज बारीक आवाजांना गिळून टाकतो. पॅकिंगची फसफस, टॅपेटची टकटक, बेल्टची चिरचिर, एखादा सिलिंडर मिस करू लागला की मोडणारी लय, हे सगळे त्याखाली दबते. त्यात पन्नाशीनंतर बारीक, उंच आवाज आपल्याला मुळातच कमी ऐकू येऊ लागतात. जुन्या गाड्यांचे बहुतेक हौशी मालक माझ्या वयाचे किंवा त्यापुढचे आहेत, हे लक्षात घ्या.

दुसरा मुद्दा कानाच्या प्रकृतीचा. आजच्या बंद, वातानुकूलित गाडीत हळू आवाजातले गाणेही स्वच्छ ऐकू येते. फियाट-अ‍ॅम्बेसेडरमध्ये इंजीन, वारा आणि पत्र्याचा खडखडाट यांच्यावर मात करील इतके गाणे मोठे करावे लागते. कानावर दोन्ही आवाजांची बेरीज पडते. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत चालतो, त्यापुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ८८ला चार तास, ९१ला दोन तास. प्रवासाहून आल्यावर कानात गुंई आवाज येत असेल तर त्या दिवशी मर्यादा ओलांडली असे समजावे. आतल्या कानातील नाजूक केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

तर मग अ‍ॅम्बेसेडरवाले गृहस्थ जिंकले काय? पूर्णपणे नाही. त्यांच्या पंथातही चुका आहेत. काही हौशी मंडळी आवाज ‘खुलावा’ म्हणून सायलेन्सर बदलतात किंवा पोकळ करतात. तो आवाज त्यांना संगीत वाटत असेल, पण शेजारच्या घरातील आजारी माणसाला तो त्रासच असतो. दुसरी चूक त्याहून गंभीर. थंडीत सकाळी गॅरेजचे दार लावून गाडी सुरू करायची आणि आत उभे राहून इंजीन ऐकायचे. बंद गॅरेजमध्ये चालू इंजीन काही मिनिटांत जीव घेऊ शकते. ऐकायचे असेल तर गाडी अंगणात काढून ऐका.

आणि गाण्याशी माझे वैर नाही. लांबच्या रस्त्यावर हळू लावलेल्या गाण्याने मन प्रसन्न राहते, ट्रकच्या मागे अडकल्यावर चिडचिड कमी होते, हे मी स्वतः अनुभवतो. मात्र गाण्याने झोप उडते हा समज सोडून द्या. मोठ्या गाण्याने पाच-दहा मिनिटे तरतरी वाटते, मेंदूचा थकवा तसाच राहतो. झोप येऊ लागली तर गाडी सुरक्षित जागी लावून पंधरा-वीस मिनिटे डोळे मिटणे, हाच खरा उपाय.

माझे मत असे. नव्या गाडीत गाणे ही सोबत आहे. जुन्या गाडीत पहिला मान इंजिनाचा, गाण्याचा नंतर. गाडीतला टेप मी काढून टाकलेला नाही, पण काही नियम घालून घेतले आहेत.

१) गाडी सुरू केल्यापासून पहिली दहा मिनिटे टेप बंद. छाती तपासतो त्याप्रमाणे गाडी ऐकायची. रोज ऐकले की तिचा निरोगी आवाज पाठ होतो आणि बिघाड आपोआप कानात खटकतो.

२) घाटात, गर्दीत, ओव्हरटेक करताना आणि रात्री टेप बंद. मागून येणाऱ्या १०८च्या रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आलाच पाहिजे. तिच्यात कोणाचा तरी जीव असतो.

३) एरवी गाणे इतकेच मोठे की शेजारी बसलेल्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येईल आणि इंजीनही ऐकू येईल.

४) थंडीतही एक काच दोन बोटे उघडी. वर्षातून एकदा मॅनिफोल्ड, सायलेन्सर आणि मधल्या पत्र्यातील भोके तपासून घ्यावीत.

५) गाडीतल्या एकाहून अधिक लोकांचे डोके दुखू लागले तर पित्ताची गोळी शोधू नका. गाडी थांबवा, इंजीन बंद करा, सर्वांना बाहेर काढा. त्रास राहिला किंवा कोणी गुंगीत असेल तर लगेच रुग्णालयात जा आणि डॉक्टरांना गाडीबद्दल सांगा. नुसत्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध प्राणवायू दिल्यास तास-दीड तासात.

२०२२च्या जूनमध्ये आपल्या अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झाले आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली, हे आपणांस आठवत असेल. त्याआधीच्या खड्ड्यांत गाडीचा आवाज ऐकू येण्याची सोयच नव्हती, सगळा खडखडाट. रस्ता गुळगुळीत झाल्यावर इंजीन स्वच्छ ऐकू येऊ लागले, आणि नेमके तेव्हाच मी स्पीकर बसवले!

मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये गेली. अ‍ॅम्बेसेडर बनणे २०१४मध्येच थांबले. ज्यांच्याकडे या गाड्या आहेत, त्यांना त्यांचा आवाज ऐकण्याची संधी आणखी काही वर्षेच आहे. तो ऐकण्यात आनंद आहे आणि सुरक्षितताही आहे.

दवाखान्यातल्या त्या दोघांना मी हेच सांगितले. फियाटवाले स्नेही म्हणाले, “दहा मिनिटं म्हनता, त बोरगाव मंजू येते तिथवर.” मी म्हटले, तेवढे तर ऐका. मग खुशाल गाणे लावा, पण काच थोडी उघडी ठेवून.