हिरवळीची तहान

पिंपरी-चिंचवडची नगरपालिका १९७० मध्ये स्थापन झाली आणि १९८२ मध्ये तिची महानगरपालिका झाली. कारखान्यांभोवती वाढलेल्या या नगरीत उद्यान ही चैन नव्हे. ती गरज आहे. एका खोलीत संसार करणाऱ्या कामगाराला पाळी संपल्यावर मुलाबाळांसह बसावयास उद्यानाखेरीज दुसरे अंगण कोठले?

तथापि, उद्यानातील प्रत्येक हिरवी गोष्ट सारख्याच मोलाची नसते. चिंचवडच्या संभाजीनगर भागातील ‘बर्ड व्हॅली’ उद्यानाचे तळे म्हणजे मूळची दगडखाण. दगड गेला, खड्डा उरला आणि त्यात पाणी साठले. हिरवळीचा हिशेब याच्या नेमका उलट आहे. तळे पाणी राखते, हिरवळ पाणी मागते. ऐन उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज पाच लिटर धरले, तरी एकरभर हिरवळीला वीस हजार लिटर लागतात. माणशी १३५ लिटरच्या प्रचलित मापाने हे दीडशे माणसांचे पाणी झाले!

ज्या शहरात नोव्हेंबर २०१९ मध्ये लागू झालेला दिवसाआड पाणीपुरवठा वर्षानुवर्षे चालू राहिला, तेथे हा आकडा क्षुल्लक मानता येणार नाही. पवनेचे पाणी बंद जलवाहिनीतून शहरात आणण्यास मावळात विरोध झाला आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी पोलिसांच्या गोळीबारात तीन आंदोलक प्राणास मुकले, याचेही विस्मरण होता कामा नये.

हिरवळीला नळाचे नव्हे, विंधन विहिरीचे पाणी देता येईल, असे कोणी म्हणेल. परंतु भूगर्भातील पाण्याला उद्यानाची भिंत ठाऊक नसते. शेजारची वस्तीही त्याच खडकातून पाणी उपसते.

यास्तव हिरवळ बसण्या-खेळण्यापुरतीच राखावी आणि तिची तहान शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर भागवावी. उरलेल्या जागी सावली देणारे देशी वृक्ष लावावेत. तळ्याकडे येणारे पावसाचे ओघ मोकळे ठेवून मैलापाणी मात्र कटाक्षाने रोखावे. ‘हिरवळीवर चालू नये’ अशी पाटी लावून जपलेले गवत पोराबाळांच्या पायांना लाभत नसेल, तर दीडशे माणसांचे पाणी त्याने कोणत्या अधिकाराने प्यावे, याचे उत्तर नगरपित्यांनी दिले पाहिजे.