गाईच्या पेशींवर खर्च कशाला? आपल्यासाठीच!

"डॉक्टर, इथे माणसांना औषधं मिळत नाहीत आणि हे लोक प्रयोगशाळेत गाईच्या पेशी वाढवत बसलेत!" असा सूर तुम्हीही ऐकला असेल. मला तो साफ चुकीचा वाटतो. कारण तुमच्याच दुधाच्या पातेल्यात आहे.

गुरांना क्षयरोग करणारा 'मायकोबॅक्टेरियम बोव्हिस' हा जंतू कच्च्या दुधातून माणसात येऊ शकतो. आपल्या क्षयाच्या नेहमीच्या औषधांपैकी पायराझिनामाइड त्याच्यावर चालत नाही. म्हणजे गोठ्यातला आजार गोठ्यातच राहत नाही.

हा जंतू गाईच्या भक्षक पेशींमध्ये, म्हणजे मॅक्रोफेजमध्ये, दडून बसतो. "मग उंदराच्या पेशी तपासा की!" असं म्हणाल, तर गाय म्हणजे मोठा उंदीर नव्हे. गॅमा-डेल्टा टी पेशी उंदराच्या आणि माणसाच्या रक्तात थोड्याच असतात, वासराच्या रक्तात मात्र भरपूर. गाईच्या आजाराचं उत्तर गाईच्याच पेशींत शोधायला हवं.

अडचण अशी, की रक्तातून काढलेल्या या पेशी थोडेच दिवस जगतात. दर वेळी नवी गाय, नवं रक्त आणि वेगळा निकाल. त्यावर उपाय म्हणजे पेशीवंश: सतत वाढत राहणाऱ्या, गोठवून ठेवता येणाऱ्या, सगळ्या प्रयोगशाळांना सारख्याच मिळणाऱ्या पेशी. 'बोमॅक' हा गाईच्या मॅक्रोफेजचा असा पेशीवंश 1995 मध्ये अमेरिकेतून प्रसिद्ध झाला.

याचा प्रत्यक्ष फायदा काय? गोचिडांमुळे पसरणारा थायलेरिया हा परजीवी गाईच्या पांढऱ्या पेशींना बेसुमार वाढायला लावतो. संकरित गाई त्याने दगावतात. अशाच बाधित पेशी प्रयोगशाळेत दीर्घकाळ वाढवून परजीवीचा जोर कमी केला गेला आणि त्यातून भारतात वापरली जाणारी लस तयार झाली. ज्याचं घर एका गाईच्या दुधावर चालतं, त्याला विचारा हा खर्च वाया गेला का.

प्राण्यांवरच्या प्रयोगांना विरोध असणाऱ्यांनी तर या कामाची बाजू घ्यायला हवी. अशा पेशी मूळ पेशींसारख्या हुबेहूब वागत नाहीत, त्यामुळे शेवटची चाचणी गाईवरच करावी लागते, हे खरं. पण निरुपयोगी ठरणाऱ्या गोष्टी बशीतच गळाल्या, तर तितकी जनावरं वाचतात.

तेव्हा पशुवैद्यकाच्या संशोधनाला 'चैन' म्हणू नका. आणि दूध उकळूनच प्या. तेवढं तर आजच करता येईल!