बांगलादेशाची सवलत जाणार; परभणीच्या कापसाचे काय?

जगाच्या व्यापारात बांगलादेश आजवर ‘अल्पविकसित’ देशांच्या गटात मोडत आला. त्याने या गटातून बाहेर पडावे, असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 2021 मध्ये केला व 24 नोव्हेंबर 2026 ही तारीख ठरविली. मुदतवाढीची मागणी तेथील कारखानदारांनी केली आहे. परंतु तारीख पुढे सरकली, तरी तयारीची गरज टळत नाही.

याचा आपल्याशी संबंध काय? 2011 मध्ये भारताने दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारातील अल्पविकसित देशांचा माल, दारू-तंबाखूच्या 25 बाबी सोडून, शुल्काविना येऊ दिला. 2018 मध्ये सरकारने शेकडो कापडी वस्तूंवरील आयात शुल्क 10 वरून 20 टक्के केले, तेव्हाही बांगलादेशी तयार कपड्याला ते लागले नाही. गट सुटला की ही सवलतही सुटते. मालदीवसाठी करारात खास कलम आहे, बांगलादेशासाठी नाही.

हे ऐकून आमचे काही व्यापारी बांधव खूश आहेत. स्वस्त जीन्स-शर्ट थांबतील, भिवंडी-मालेगावच्या मागांना काम मिळेल, असा त्यांचा हिशेब. तो अर्धाच खरा आहे. बांगलादेशात कापूस नावापुरताच पिकतो. तेथील गिरण्या बाहेरच्या रुईवर व सुतावर चालतात आणि भारत त्यांचा मोठा पुरवठादार आहे. मानवत, सेलूच्या जिनिंगमधील गाठ स्वतः ढाक्याला जावो न जावो, तिचा भाव तिथल्या मागणीशी बांधलेला आहे. गिऱ्हाईकाचे दुकान बसले, तर घाऊकवाल्याने पेढे वाटायचे नसतात.

2025 ने इशारा दिलाच आहे. एप्रिलमध्ये बांगलादेशाने जमिनीच्या मार्गाने जाणारे आपले सूत बंद केले. मे महिन्यात भारताने त्यांचे तयार कपडे सरहद्दीच्या नाक्यांवर अडविले. फक्त न्हावाशेवा व कोलकाता ही बंदरे खुली ठेवली. त्यातच 19 ऑगस्ट ते 31 डिसेंबर परदेशी कापसावरील 11 टक्के शुल्क माफ झाले. नेमक्या वेचणीच्या दिवसांत!

संधीही आहे. युरोपात बांगलादेशाची सवलत 2029 पर्यंत राहील. त्यानंतरची सवलत हवी असेल, तर कापडही आपल्याच देशात विणावे लागेल. म्हणजे तयार कापडापेक्षा सूत व रुई अधिक लागेल.

म्हणून तीन गोष्टी व्हाव्यात. पहिली, व्यापक व्यापार करारासाठी वाटाघाटी सुरू करण्याचे 2022 मध्ये दोन्ही देशांनी ठरविले होते. राजकीय नाराजी बाजूला ठेवून त्या मार्गी लावाव्यात. दुसरी, शेतकरी, आडते व जिनिंगवाले यांनी कापसातील प्लॅस्टिकचे धागे, कचरा व ओलावा यांवर कडक नजर ठेवावी. स्वच्छ गाठीला गिऱ्हाईक तुटत नाही. तिसरी, अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथील वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी 2024 मध्ये झाली. तशी सूतकताई व शिलाईची सोय, लहान प्रमाणात का होईना, परभणीतही व्हावी. आपल्या बिरादरीत शिलाईचा हुन्नर आहे, भांडवल नाही.

तिजारतीत शेजाऱ्याच्या नुकसानीवर आपला नफा फार दिवस टिकत नाही. तारीख आधीच कळली आहे; तयारी न करण्याला आता कुठलीच सबब नाही.