थेंब का चुकतो?

मोतीबिंदूने आपल्या समाजाला एक सवय लावून ठेवली आहे. नजर अंधुक होते, गावात शिबिर लागते, शस्त्रक्रिया होते, पट्टी सुटते आणि आजोबांना नातवाचा चेहरा पुन्हा स्वच्छ दिसू लागतो. डोळ्यांचा उपचार म्हणजे गेलेली दृष्टी परत मिळणे, ही समजूत त्यातूनच घरोघरी रुजली. काचबिंदू या समजुतीत बसत नाही आणि त्याचे उपचार अर्ध्यावर सुटण्याचे मूळ पुष्कळदा येथेच सापडते.

या विकारात डोळ्यातील द्रवाचा निचरा नीट होत नाही, दाब वाढतो आणि मेंदूकडे दृष्टीचे संदेश नेणारी नस हळूहळू झिजते. काहींच्या बाबतीत तर दाब मर्यादेत असूनही ती झिजते. बहुतेकांना वेदना होत नाही, वाचनही अडत नाही. कारण नजर प्रथम कडेने जाते. गेलेली नजर कोणत्याही औषधाने परत येत नाही, थेंब केवळ उरलेली राखतात. म्हणजे रुग्णाने आयुष्यभर, रोज, ठरल्या वेळी औषध घालायचे आणि त्या बदल्यात त्याला काहीच जाणवायचे नाही! उलट डोळा चुरचुरतो, लाल होतो. जे घेतल्याने बरे वाटत नाही आणि न घेतल्याने उद्या काही बिघडत नाही, त्या औषधावर मन बसावे तरी कसे?

म्हणून थेंब चुकवणाऱ्याला बेफिकीर ठरवणे अन्यायाचे आहे. अमेरिकेत डॉ. मायकेल कास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी औषधाच्या बाटलीला वापराची नोंद ठेवणारे यंत्र जोडून एक पाहणी केली. ती १९८६ साली प्रसिद्ध झाली. सुमारे ९७ टक्के मात्रा घेतल्या, असे रुग्णांनी सांगितले. यंत्राची नोंद ७६ टक्क्यांची निघाली. डॉक्टरांच्या भेटीआधीच्या चोवीस तासांत मात्र ते प्रमाण बरेच वाढले होते. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उघडणाऱ्या विद्यार्थ्याचीच ही रीत. त्यामागे लबाडीपेक्षा बोलणी खाण्याची भीती अधिक असते. परिणाम मात्र गंभीर होतो. तपासणीच्या दिवशी दाब ठीक भरतो आणि नजर घटतच राहते. मग डॉक्टर दुसरी बाटली लिहून देतात, जिची पहिली बाटली नीट वापरली असती तर कदाचित गरजच पडली नसती.

नीरेच्या काठच्या शिरवळसारख्या गावाचा विचार केला, म्हणजे या प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. महामार्गालगत कारखाने आले आणि त्यांच्याबरोबर पाळ्याही आल्या. ‘रात्री झोपताना एक थेंब’ ही सूचना रात्रपाळीच्या कामगाराने कशी पाळावी? तो झोपतो सकाळी, आणि पुढच्या आठवड्यात पाळी बदलते. ज्यांची मुले पुण्याला स्थायिक झाली, त्या वृद्धांचे हात थरथरतात. निम्मे औषध गालावर ओघळते आणि बाटली महिना भरण्याआधीच संपते. सविस्तर तपासणीसाठी पन्नासेक किलोमीटरवरचे पुणे गाठायचे किंवा खंबाटकी ओलांडून साताऱ्याला जायचे. बाहुली मोठी करणारे थेंब घातले, की सोबतीला माणूस लागतो; म्हणजे आणखी एकाचा खाडा.

त्यात दृष्टिक्षेत्राच्या तपासणीची धास्ती वेगळीच. यंत्रात डोकावून प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायचे असते. बरेच ठिपके दिसत नाहीत आणि आपण ‘नापास’ झालो, या कल्पनेने रुग्ण खचतो. वस्तुतः नजरेची सीमा शोधण्यासाठी कित्येक ठिपके मुद्दाम इतके मंद ठेवलेले असतात, की निरोगी डोळ्यालाही ते दिसू नयेत. एवढे एक वाक्य आधी सांगितले, तर पुढच्या तपासणीला न येणारे कित्येक जण येतील.

‘औषध घेता ना?’ या प्रश्नाला ‘हो’ याखेरीज उत्तर मिळत नाही. ‘गेल्या आठवड्यात किती वेळा राहून गेले?’ असे विचारले, तर माणूस मोकळा होतो. घरातल्यांनीही हेच करावे. दिवसातून दोनदा थेंब घालायचे असतील, तर सकाळची पूजा आणि सांजवात यांची सांगड बहुतेक घरांत सहज घालता येते. सुनेने किंवा नातवाने खालची पापणी ओढून धरली, की आजींचा थेंब वाया जात नाही. ज्यांना थेंब जमतच नाहीत, त्यांनी लेसरविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ७१८ रुग्णांच्या अभ्यासात, लेसरने उपचार सुरू केलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांना तीन वर्षांनंतरही थेंबांशिवाय दाब आटोक्यात ठेवता आला. काचबिंदूच्या सर्वच प्रकारांना तो लागू पडत नाही, हेही खरे.

एक गोष्ट मात्र घरोघरी अजून लपवली जाते. काचबिंदू रक्ताच्या नात्यात चालतो. रुग्णाच्या सख्ख्या भावंडांना त्याचा धोका इतरांहून कितीतरी अधिक असतो. चाळिशीनंतर त्यांनी डोळे तपासून घ्यायला हवेत. पण ‘उगाच कशाला सांगायचे?’ म्हणून रुग्ण गप्प राहतो, बाटली कपाटात मागे सारली जाते आणि धाकट्या भावाला आपल्या घराण्यात हा आजार आहे, हे कळते ते एका डोळ्याची नजर गेल्यावर.