मुलांना वेग दाखवाच, पण जुन्या गाड्यांचा



आठवी ते दहावीच्या कोणत्याही वर्गात विचारून पहा, मोबाईलवर काय बघता? चार-पाच पोट्टे तरी गाड्यांचं नाव घेतील. गाडी कोणती, तर सर्वांत महाग. आणि त्यातलं काय आवडतं, तर स्पीडोमीटरचा काटा कुठपर्यंत गेला ते. यावर आपलं उत्तर ठरलेलं असतं : मोबाईल ठेव, अभ्यास कर. विषय संपला.

माझं म्हणणं असं, की हा विषय संपवू नका. उलट मुलांना 'ट्रॅक डे' हा शब्द शिकवा आणि त्या दिवशी ट्रॅकवर येणाऱ्या जुन्या, चित्रविचित्र मोटारी दाखवा.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे बरं का. हौशी माणसं पैसे भरून आपापली गाडी बंदिस्त ट्रॅकवर आणतात आणि तिथे मनसोक्त पळवतात. बक्षीस नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. पण नियम असे, की आपल्या शाळेची परिपाठाची शिस्त त्यापुढे ढिली वाटावी. आधी सगळ्यांना बसवून सूचना देतात. हेल्मेट सक्तीचं. पहिली फेरी सावकाश, कारण टायर आणि ब्रेक आधी गरम व्हावे लागतात. शेवटची फेरीही सावकाश, कारण ते थंड व्हावे लागतात. पिवळा झेंडा दिसला की पुढे धोका आहे, लाल दिसला की थांबायची तयारी. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, पुढच्याने खूण करून वाट दिल्याशिवाय सहसा कोणी ओव्हरटेक करायचं नाही. हा एक नियम वाशिम-पुसद रस्त्यावर पाळला गेला तर काय होईल, याची कल्पना अनसिंगच्या माणसाला वेगळी सांगायला नको!

आता गाड्यांकडे येऊ. युरोपात अशा हौशी मेळाव्यांना नव्याकोऱ्या गाड्यांबरोबर आजोबांच्या वयाच्या गाड्याही येतात, आणि माझ्या मते शिकण्यासारखं जे आहे ते या आजोबांकडेच आहे.

पूर्व जर्मनीची 'ट्राबांट' घ्या. १९५७ ते १९९१ या काळात जवळपास तीस लाख गाड्या बनल्या. तिचं बाहेरचं अंग पत्र्याचं नव्हतं. कापसाचा टाकाऊ धागा आणि राळ एकत्र दाबून ते बनवायचे. कापसाची गाडी! वऱ्हाडातल्या मुलाला हे सांगा आणि त्याचे डोळे पहा. तिचं इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागायचं. वर्गातल्या मुलांना हे नवल वाटेल, पण ज्यांनी लुना चालवली त्या पालकांना पंपावरचं ते मिश्रण आठवेलच. ताकद जेमतेम २६ अश्वशक्तीची, तरी लोक ती ट्रॅकवर हौसेने आणतात.

इंग्लंडची 'मॉर्गन' १९०९ पासूनची कंपनी. तिच्या गाड्यांच्या सांगाड्यात लाकूड असतं, ॲश नावाच्या झाडाचं. आपला सुतार बैलगाडीसाठी बाभूळ निवडतो तसंच हे. लाकूड चिवट पाहिजे, धक्का खाऊन तडकायला नको. फ्रान्सची 'सित्रोएन टू-सीव्ही' १९४८ ला पॅरिसच्या प्रदर्शनात आली. ती आखताना अट होती, की शेतकऱ्याला नांगरलेल्या वावरातून अंड्यांची टोपली नेता आली पाहिजे आणि अंडी फुटायला नकोत. त्यामुळे तिचं सस्पेन्शन इतकं मऊ, की वळणावर ती अंगावर कलंडते की काय असं वाटतं. आणि 'मिनी', १९५९ ची. इंजिन आडवं बसवलेलं, चाकं फक्त १० इंचांची. सरळ रस्त्यावर मोठ्या गाड्या तिला मागे टाकायच्या, पण वळण आलं की ही पुढे. मॉन्टे कार्लो रॅली तिने १९६४, १९६५ आणि १९६७ अशी तीनदा जिंकली. वजन, गुरुत्वमध्य, घर्षण हे सगळं शाळेच्या पुस्तकात आहे. मिनीच्या एका वळणात ते मुलाच्या डोळ्यांसमोर येतं.

'हे सगळं परदेशातलं, आणि श्रीमंतांचं' असं कोणी म्हणेल. पूर्ण खोटं नाही. आपल्याकडे ट्रॅकवर जायचं तर चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई, कोइंबतूरचा करी मोटर स्पीडवे किंवा दिल्लीजवळचा बुद्ध सर्किट. चेन्नई इथून हजार किलोमीटरच्या आसपास. पण आपला इतिहास काही पैशेवाल्यांपुरताच नाही. मद्रासजवळ शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातली विमानाची धावपट्टी पडून होती, तिथे हौशी मंडळींनी शर्यती सुरू केल्या. मुंबईतही जुहूच्या धावपट्टीवर गाड्या पळाल्या. आणि शोलावरमला पळत काय होतं? तर आपल्या कुर्ल्यात बनलेली फियाट, म्हणजेच पुढची प्रीमियर पद्मिनी, जिला आपण मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ओळखतो आणि जिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. बंगळूरच्या सिपानी कंपनीची फायबर अंगाची 'डॉल्फिन' बाजारात फारशी चालली नाही, पण हलकी असल्यामुळे शर्यतवाल्यांची लाडकी झाली. आणि इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी तर 'मीरा' नावाची छोटी मोटार स्वतःच बनवली होती. आपल्या किती मुलांना हे नाव माहीत आहे?

आणखी एक. वेगाची हौस आपल्या मातीला नवी नाही. शंकरपट पाहिलेल्या माणसाला हे पटेल. तिथे बैलजोडी गावच्या गल्लीत पळवत नाहीत. त्यासाठी जागा आखलेली असते, माणसं बाजूला उभी असतात, वेळ घड्याळावर मोजतात. वेगाला स्वतःची जागा असते, हे आपल्या आजोबांना कळत होतं.

मग आज हे एवढं निकडीचं का वाटतं मला? आपल्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला. मोटारींना १२० ची मर्यादा आहे. १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला, तर तेवढ्यात एसटीच्या तीन बसच्या लांबीइतकं अंतर ब्रेक न लागताच संपतं. वेग दुप्पट झाला की थांबायला ब्रेकचं अंतर चौपट लागतं. हे गणित फळ्यावर मांडलं तर पोरं वहीत उतरवून घेतात आणि विसरतात. जुन्या गाडीचे ड्रम ब्रेक चार फेऱ्यांत तापून कसे पकड सोडतात हे व्हिडिओत दाखवलं, की लक्षात राहतं. नवी महागडी गाडी चालवणाऱ्याच्या चुका गुपचूप सांभाळून घेते. जुनी गाडी प्रत्येक चूक दाखवते. म्हणून शिकवायला जुनी बरी.

पालकांना एक स्पष्ट सांगतो. अठरा वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती गाडी दिली, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९९-अ प्रमाणे पालकाला किंवा मालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. 'गावातल्या गावातच तर जातो' ही सबब कायद्यात नाही.

शिक्षकांनी काय करावं? ट्रॅकवर नेणं जमणार नाही, पण प्रत्येक गावात एक जुना मिस्त्री असतो, ज्याने राजदूत, लुना, महिंद्राची जीप, सगळं खोललेलं असतं. त्याला एका शनिवारी शाळेत बोलवा. सोबत एक ड्रम ब्रेक आणि एक झिजलेली लायनिंग आणायला सांगा. मुलांना हात काळे करू द्या. नंतर निबंधाला विषय द्या, 'मी एक जुनी मोटार बोलतेय'. 'मी एक फुलपाखरू' पेक्षा या विषयावर पोरं दोन पानं जास्त लिहितील.