पाचवी तार

खरेदीच्या बाबतीत मी स्वतःला मोठा धूर्त समजतो. वाचकहो, तुम्हीही समजत असालच. भाजीवाल्याकडून कोथिंबिरीच्या चार काड्या आणि कापडवाल्याकडून चार बोटे कापड जास्त घेतल्याशिवाय ज्यांना खरेदी झाल्यासारखे वाटत नाही, त्या थोर परंपरेतला मी आहे. या परंपरेनेच मला यंदा असा धडा शिकवला की, तो तुम्हाला सांगितल्यावाचून राहवत नाही.

गोष्ट आमच्या कन्येच्या बेस गिटारची. ती कॉलेजात गेली आणि तिथल्या वाद्यवृंदात शिरली. त्यांचा बेस वाजवणारा मुलगा शिकायला परगावी गेला होता, तेव्हा ती जागा हिने पटकावली. घरात तिच्या आजीचा तंबोरा आहे, माझी पुस्तके आहेत. पण बेस गिटार म्हणजे काय, हे मला तेव्हा धड ठाऊक नव्हते. कन्येने मला समजावले, "बाबा, गाणाऱ्याच्या पायाखाली जी जमीन असते ना, ती म्हणजे बेस."

उपमा चांगली होती. मराठीच्या प्राध्यापकाला उपमेने जिंकता येते. मी लगेच दुकानात गेलो. तिथे एका अपरिचित बनावटीचे दोन बेस टांगले होते. एक चार तारांचा, एक पाच तारांचा, आणि किंमत दोहोंची एकच! आता तुम्हीच सांगा, आपण काय केले असते? एक तार फुकट मिळत असताना चार तारांचा घेणारा मनुष्य आमच्या आळीत तरी राहत नाही. वर मी पट्टाही फुकट मागून घेतला. दुकानदाराने तो हसत हसत दिला. त्या हसण्याचा अर्थ मला वर्षभराने कळला.

वर्षभर कन्या रोज वाजवत होती. तक्रारीचा शब्द नाही. यंदाच्या मे महिन्यात तिच्या खोलीत पुस्तक शोधायला गेलो, तेव्हा भिंतीला टेकलेले ते वाद्य जवळून पाहिले. सर्वांत जाड तारेखाली, घोडीपाशी, भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा खोचलेला होता.

"हे काय गं?"

"काही नाही बाबा. ती तार मध्येच गुरगुरते. म्हणून गप्प केली."

"म्हणजे वर्षभर तू चारच तारांवर वाजवतेस?"

"चार पुरतात," ती म्हणाली, आणि दुसरीकडे पाहू लागली. मग हळूच म्हणाली, "तुम्ही एवढ्या हौसेने आणला होतात."

मी चाटच पडलो. माझ्या शहाणपणाला वाईट वाटू नये म्हणून आमच्या मुलीने वर्षभर एका तारेच्या तोंडात बोळा कोंबून ठेवला होता! त्या रात्री मी ठरवले की, हे वाद्य बदलायचे. आणि या वेळी घासाघीस करण्याआधी अभ्यास करायचा.

अभ्यासात जे कळले ते थोडक्यात सांगतो. लिओ फेंडर या अमेरिकन कारागिराने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला, तो चार तारांचा. दांडीवर पडदे असल्यामुळे स्वर अचूक लागतो, म्हणून हे नाव. फेंडर कंपनीनेच १९६५ मध्ये पाच तारांचा बेस काढला, पण त्यात जादा तार वरच्या अंगाची होती. आज ज्याला पाच तारांचा बेस म्हणतात त्यात ती बहुधा खालच्या अंगाची, म्हणजे खर्जाची असते. म्युझिक मॅनचा पाच तारांचा स्टिंगरे १९८७ मध्ये आला, तो याच जातीचा.

ही खर्जाची तार किती खाली जाते? चार तारांच्या बेसची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. ही पाचवी सुमारे ३१ वेळा. काळी एकच्या तंबोऱ्याचा खर्ज सुमारे ६९ कंपनांचा असतो. म्हणजे ही तार त्याच्याही खाली एक सप्तक ओलांडून बसलेली! इतके खाली उतरायचे तर तार लांब हवी, जड हवी किंवा सैल हवी. लांबी बहुतेक बेसची ३४ इंच ठरलेली. काही कारागीर मुद्दाम ३५ करतात. तार जाड केली तरी तिला धरणारी दांडी आणि घोडी भक्कम पाहिजे. स्वस्त वाद्यात नेमकी तिथेच काटकसर होते, आणि मग तार कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी लोंबते. मला जी फुकट मिळाली असे वाटत होते, तीच तार करायला सर्वांत अवघड असते!

जूनमध्ये आम्ही बापलेक धोबीतलावच्या दुकानांतून हिंडलो. यामाहा, आयबानेझ, कॉर्ट आणि फेंडरच्याच घरातली धाकटी पाती स्क्वायर, या सर्वांचे बेताच्या किमतीचे पाच तारांचे बेस कन्येने मांडीवर घेऊन पाहिले. या खेपेस मी गप्प बसलो आणि तिने परीक्षा घेतली. आधी पाचवी तार मोकळी छेडायची. मग तीच तार पाचव्या पडद्यावर दाबायची. तिथे जो स्वर निघतो तोच शेजारची चौथी तार मोकळी वाजवल्यावर निघतो. दोन्ही ऐकायचे. एकाच घरातल्या दोन माणसांचे आवाज वाटले, तर ठीक. एक माणूस आणि दुसरे रिकामे पिंप वाटले, तर वाद्य जागेवर ठेवायचे. मग प्रत्येक तार बाराव्या पडद्यावर तपासायची. तिथे मोकळ्या तारेच्या बरोबर दुप्पट वरचा स्वर आला पाहिजे. एका टोकाकडून दांडीवर नजर टाकून बाक बघायचा. पट्टा अडकवून उभे राहायचे आणि हात सोडायचे. दांडी जमिनीकडे झुकली, तर तासाभरात खांदा भरून येणार. पाच तारांमुळे दांडी रुंद होते, तेव्हा बोटे पुरतात का तेही पाहायचे. काही बेसच्या पोटात नऊ व्होल्टची बॅटरी असते. वाजवून झाल्यावर केबल काढली नाही, तर ती उगाच संपते.

सर्व पाहिले, पण आमचा आकडा तीस हजारांचा. त्यातले बारा हजार कन्येने शिकवण्या करून साठवलेले. त्यात घरी वाजवायला हेडफोन, तारांचा एक जादा संच आणि वाद्य जुळवून घ्यायची मजुरीही बसवायची होती. लहान अॅम्प्लिफायरच्या चिमुकल्या स्पीकरमधून ३१ कंपनांचा स्वर नीट उमटतच नाही, त्यामुळे त्यावर खर्च करण्यात अर्थ नव्हता. शेवटी तिच्या कॉलेजातल्या एका मोठ्या मुलाचा वापरलेला यामाहा घ्यायचे ठरले. तो मुलगा बिचारा एका रविवारी वाद्य घेऊन आमच्या घरी आला.

आता परीक्षक होती आजी. तिने आयुष्यभर तंबोरा लावला आहे. आमच्या जुन्या बेसचा स्पंज काढून कन्येने पाचवी तार छेडली.

"अगं, हा तर डबा!" आजी म्हणाली.

मग यामाहाची तार वाजली. आजीने डोळे मिटले. तार बराच वेळ बोलत होती. खिडकीची काच किंचित थरथरली.

"हिचा खर्ज लागलाय," आजी म्हणाली. "घे हीच."

मी सवयीप्रमाणे घासाघीस करायला तोंड उघडले. कन्येने माझ्याकडे पाहिले. मी तोंड मिटले आणि मुलाने सांगितलेले पैसे मोजून दिले. आयुष्यातली ही माझी पहिली बिनघासाघिशीची खरेदी!

गणपतीत आमच्या सोसायटीत तिच्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम झाला. गाणाऱ्या मुलीचे कौतुक झाले, तबलेवाल्याला टाळ्या मिळाल्या. कन्येबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही. पण एका गाण्यात ती ठरल्याप्रमाणे चार मात्रा थांबली, तेव्हा जिन्याची एक पायरी चुकल्यासारखे मला वाटले. ती पुन्हा आली, आणि पुढच्या रांगेतल्या आजीने मान डोलावली.

घरी येताना मी म्हणालो, "कोणी तुझे नाव घेतले नाही गं."

"घेणारच नाहीत बाबा," ती हसून म्हणाली. "चुकले असते तर घेतले असते."

तेव्हा वाचकहो, या पाडव्याला तुमच्या घरच्या कोणी असल्या वाद्याचा हट्ट धरला, तर माझे एवढे ऐका. किती तारा मिळतात हे मोजू नका; शेवटची तार वाजते का, ते आधी ऐका. आणि वर्षातून एखादे वेळी मुलांच्या खोलीत डोकावून पाहा. आपल्या शहाणपणाखाली त्यांनी कुठे स्पंज तर खोचून ठेवलेला नाही ना?